भुवयांवरचा दोरा : थ्रेडिंगने नेमकं काय बिघडू शकतं

प्रश्न असा आला आहे : “ताई, मी सतराव्या वर्षापासून दर पंधरा दिवसांनी आयब्रो करते. आता तिशीत आहे. गेल्या तीन-चार वेळी थ्रेडिंगच्या दुसऱ्या दिवशी भुवईच्या वरच्या कडेला पांढऱ्या टोकाच्या बारीक पुटकुळ्या येताहेत. शिवाय दोन्ही भुवयांची शेपटं विरळ झालीत, पेन्सिल लावल्याशिवाय बाहेर पडवत नाही. थ्रेडिंगचे तोटे असतात का? बंद करून टाकू का?”

तोटे असतात. तुम्ही दोन तक्रारी एका दमात लिहिल्या आहेत आणि लिहिण्याच्या रोखावरून पुटकुळ्यांची तुम्हाला जास्त धास्ती वाटते आहे. मला शेपटांची वाटते. पुटकुळ्या आठवड्याभरात जातील. गेलेली शेपटं परत येतीलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. आणि सव्वीस वर्षं दोरा हातात धरल्यावर मला असं दिसतं, की तुमच्या दोन्ही तक्रारींची सुरुवात बहुधा एकाच जागी झाली आहे : त्या पंधरा दिवसांत.

आधी दोरा काय करतो ते बघू. साधा सुती दोरा दुहेरी धरून मध्ये पीळ देतात. एका हाताची बोटं उघडली की पीळ दुसऱ्या बाजूला धावतो आणि वाटेत आलेले केस त्यात अडकून मुळासकट उपटले जातात. प्लकर एकेक केस काढतो, दोरा एका सपाट्यात ओळच्या ओळ काढतो. म्हणून तर रेघ इतकी स्वच्छ दिसते. पण त्याच वेळी दोन इजा होत असतात. केस जिथून निघाला तो रोमकूप, म्हणजे केसाची नळी, काही काळ उघडी राहते. आणि पिळाचा दोरा कातडीवरून घासत जातो, त्यामुळे वरचा पातळ थर बारीक खरवडला जातो. डोळ्यांना दिसत नाही, पण नंतर घाम किंवा पाणी लागलं की चरचरतं ते त्यामुळेच.

लाली येणं, केसांच्या मुळाशी टिपक्यांसारखा फुगवटा येणं, डोळ्यांतून पाणी येणं, मध्येच शिंक येणं हे सगळं साधारण समजावं. भुवईच्या भागाची संवेदना ज्या चेहऱ्याच्या नसेतून जाते तिचाच संबंध नाकाशी आणि अश्रूंशी असतो, म्हणून केस भुवईचा ओढला तरी शिंक नाकातून येते. लाली एक-दोन तासांत उतरते, नाजूक कातडीवर दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते. क्वचित कुणाला घेरी येते, विशेषतः पहिल्यांदा करणाऱ्या मुलींना किंवा उपाशीपोटी आलेल्यांना. असं होत असेल तर आधीच सांगावं, पाठ टेकवून बसावं आणि झाल्यावर लगेच उठू नये. या गोष्टींना मी तोटे म्हणत नाही. हे कातडीचं तेवढ्यापुरतं उत्तर आहे.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी आलेल्या पुटकुळ्या मात्र वेगळ्या. केस निघालेल्या उघड्या नळीत जंतू शिरले की मुळाशी पू धरतो. लहान असेल तर आपण पुटकुळी म्हणतो, मोठा आणि ठणकणारा असेल तर केसतोड. बहुतेक वेळा कारण असतो स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू, आणि तो काही दुर्मीळ नाही. दर १० पैकी साधारण ३ माणसांच्या नाकात तो मुक्कामाला असतो आणि त्यांना त्याचा काही त्रासही नसतो. नाकातून बोटावर, बोटावरून दोऱ्यावर, दोऱ्यावरून उघड्या रोमकूपात. हा प्रवास थांबवायला आधी हात धुणं, कपाळावरचं तेल आणि मेकअप पुसून काढणं, आणि प्रत्येक ग्राहकासाठी नवा दोरा काढणं पुरतं. एवढं केलं आणि तरी पुटकुळ्या आल्या, तर मी पुढचा प्रश्न विचारते : घरी गेल्यावर त्यावर काय लावलं? तुम्ही लिहिलं आहे की पेन्सिल लावल्याशिवाय बाहेर पडवत नाही. म्हणजे थ्रेडिंगच्या दिवशीही लावत असणार. रोज वापरून मेणचट झालेली पेन्सिल आणि कधीच न धुतलेला छोटा ब्रश ताज्या उघड्या नळ्यांवर फिरवणं, हे मी पुटकुळ्यांच्या कारणांत बरंच वर ठेवते. पावडरचा सगळ्यांना एकच लागणारा पफसुद्धा त्याच यादीतला.

तुमच्या पुटकुळ्यांचं आणखी एक कारण संभवतं आणि ते मला पंधरा दिवसांच्या हिशेबातून दिसतं. दोऱ्याच्या पिळात केस नीट पकडला जायला तो दोन-तीन मिलिमीटर तरी वाढलेला लागतो. पंधरा दिवसांत बरेच केस नुसते खुंटासारखे वर आलेले असतात. पीळ त्यांच्यावरून घसरतो, मग त्याच जागेवरून चार-पाच वेळा दोरा फिरतो. कातडी लाल होते आणि केस मुळातून न निघता कातडीच्या जरासा खाली तुटतो. तुटलेल्या केसाचं टोक टोकदार असतं. पुढे वाढताना ते बाहेर यायची वाट न सापडून कातडीतच वळतं, आणि शरीर त्याला काट्यासारखं परकं समजून तिथे सूज आणि पू आणतं. बाहेरून ती पुटकुळीच दिसते. नीट पाहिलं तर आत वळलेला काळा केस दिसतो. कुरळे किंवा राठ केस असणाऱ्यांना हा त्रास जास्त. सुईने टोकरून तो केस काढण्याचा मोह आवरा. त्यातून व्रण राहतो आणि जंतू खोल जातात.

करणाऱ्या हाताचा दोषही असतो, तो झाकून उपयोग नाही. दोरा सैल असेल, घाई असेल, केसाच्या दिशेचा विचार नसेल तर केस तुटतात. भुवईचे केस एका दिशेने वाढत नाहीत : नाकाजवळचे वर जातात, मधले आडवे होतात, वरच्या ओळीतले खाली झुकतात आणि खालच्या ओळीतले वर. प्रत्येक भागात दोऱ्याचा कोन बदलावा लागतो. आणि ग्राहकाने एका हाताने पापणी खाली व दुसऱ्याने कपाळ वर ताणून धरायचं असतं, ते केवळ रीत म्हणून नव्हे. पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ कातडी आहे. ती सैल राहिली तर केसाऐवजी कातडीच पिळात येते आणि कट लागतो. असा कट सहसा उथळ असतो, पण डोळ्याच्या इतक्या जवळची कुठलीही जखम मी हलकी धरत नाही. हात दुखला तर करणाऱ्या बाईला थांबायला सांगा, पण ताण सोडू नका.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्याबद्दल मला मनापासून राग येतो : तोंडात धरलेला दोरा. मी शिकले तेव्हा आम्हाला तसंच शिकवलं होतं. एक टोक दातात, पीळ दोन्ही हातांत. काम वेगाने होतं, मान हलवून दोऱ्याला ताण देता येतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ते चालत आलं. पण दातातला दोरा थुंकीने ओला होतो, आणि सरकत सरकत तो ओला भाग समोरच्या खरवडलेल्या कातडीवर येऊ शकतो. ओठांवर पाणीदार फोड आणणारा नागिणीच्या जातीचा हर्पीस विषाणू जगातल्या ५० वर्षांखालच्या जवळपास दोन-तृतीयांश लोकांच्या शरीरात असतो, आणि फोड दिसत नसतानाही तो अधूनमधून थुंकीत उतरतो. तो ओठावर असतो तेव्हा त्रासदायक. डोळ्याच्या बुबुळावर गेला तर नजरेला धोका. त्यासाठी मी दातात दोरा धरणं फार वर्षांपूर्वी सोडलं. एक टोक मानेमागे अडकवण्याची किंवा संपूर्ण हातांनी करण्याची पद्धत शिकायला मला दोन-तीन महिने लागले, सुरुवातीला वेळही दुप्पट लागायचा. शिकायला येणाऱ्या मुलींना आता मी दुसरी पद्धत दाखवतच नाही. मानेमागे अडकवणार असाल तरी तो भाग कातडीवर फिरणाऱ्या दोऱ्यात येता कामा नये.

एकाचा दोरा दुसऱ्याला वापरणं याहून वाईट. एका दोऱ्याचा तुकडा पुरवून पुरवून वापरणारे हात मी पाहिले आहेत. त्यातून पसरणारी सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे सपाट चामखीळ. कपाळावर, भुवईखाली कातडीच्या रंगाचे किंवा फिकट तपकिरी, टाचणीच्या डोक्याएवढे चपटे ठिपके येतात. दुखत नाहीत, खाजत नाहीत, त्यामुळे कुणी दखल घेत नाही. मग त्यावरून दोरा फिरतो आणि विषाणू त्या बारीक ओरखड्यांतून पेरला जातो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ठिपके एका सरळ ओळीत उगवतात, जणू दोऱ्यानेच आखलेले. मोलस्कम नावाची मोत्यासारखी, मध्ये खळगा असलेली पुटकुळी असते, तीही अशीच पसरते आणि तिला दिसू लागायला दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत वेळ लागतो. एवढ्या काळानंतर थ्रेडिंगशी संबंध कुणाच्या लक्षात येणार? माझ्याकडे सुरुवातीच्या वर्षांत एक बाई यायच्या. त्यांच्या कपाळावरचे दोन-तीन ठिपके मी घामोळं समजून त्यावरून दोरा फिरवत राहिले. चौथ्या खेपेला ठिपक्यांची ओळ उभी राहिली होती. त्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या तेव्हा त्यांनी मला बोलावून भिंगातून तो ठिपका दाखवला, आणि मी त्या दिवशी कातडी वाचायला शिकले. आज भुवईजवळ कसलाही न ओळखू येणारा उंचवटा दिसला की मी दोरा उचलत नाही.

रक्तातून पसरणाऱ्या आजारांबद्दलही लोक विचारतात. थ्रेडिंगमध्ये सहसा रक्त येत नाही. पण कट लागतो, प्लकर कातडीला टोचतो, बारीक कात्रीचं टोक लागतं. हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तात, किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून दोऱ्याइतकंच लक्ष प्लकर आणि कात्रीकडे द्या. त्या नुसत्या कापसाने पुसल्या म्हणजे निर्जंतुक झाल्या असं नव्हे.

काळ्या-सावळ्या कातडीसाठी एक तोटा वेगळा नोंदवायला हवा. आपल्या कातडीत रंगद्रव्य जास्त, आणि कुठलीही जळजळ झाली की ती जागा प्रतिसाद म्हणून आणखी रंग तयार करते. पुटकुळी बसते, डाग मात्र महिनोन्‌महिने राहतो. दर पंधरा दिवसांनी तीच जागा चिडवली, त्यावर ऊन पडलं, की भुवईखाली किंवा वरच्या ओठावर राखाडी सावली धरते. ती घालवायला ब्लीच केलं की कातडी पुन्हा चिडते आणि सावली आणखी गडद होते. थ्रेडिंगनंतर एक दिवस ऊन टाळणं आणि पुढे कपाळापर्यंत एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावणं हा यावरचा कंटाळवाणा पण चालणारा उपाय. गरोदरपणात चेहऱ्यावर वांग उठण्याची शक्यता तशीही वाढलेली असते, तेव्हा आणखी जपावं.

अंगावर पांढरे डाग म्हणजे कोड असेल, सोरायसिस किंवा लायकेन प्लॅनस (कातडीवर जांभळट, खाजरे चट्टे आणणारा आजार) असेल, तर थ्रेडिंग करण्याआधी आपल्या त्वचारोगतज्ज्ञांना विचाराच. हाइनरिक केबनर या जर्मन डॉक्टरांनी १८७०च्या दशकात दाखवून दिलं, की सोरायसिस असलेल्यांच्या निरोगी कातडीला जिथे इजा होते तिथे नेमका तोच आजार उगवू शकतो. पुढे हे कोडातही दिसलं. वैद्यकात याला केबनरची घटना म्हणतात. दोरा ही एक इजाच आहे, तीही सरळ रेषेत आणि पुन्हा पुन्हा. भुवईच्या खालच्या कडेला बारीक पांढरी रेघ उमटलेली आणि पुढे त्या रेघेवरचे केसही पांढरे झालेले मी पाहिले आहेत. त्या मुलीच्या कोपरावर आधीपासून कोडाचा डाग होता. तिने सांगितला नाही आणि मी विचारला नाही. आता मी नव्या प्रत्येक ग्राहकाला विचारते.

आता शेपटांकडे. इथे मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण इथे नुकसान चुपचाप होतं.

डोक्याचा केस दोन ते सहा वर्षं सलग वाढतो. भुवईच्या केसाची वाढ महिना-दीड महिना, फार तर दोन महिने चालते आणि मग तो कितीतरी महिने नुसता स्वस्थ बसतो. म्हणून भुवई कधी खांद्यापर्यंत वाढत नाही. कुठल्याही दिवशी भुवईतले बहुतेक केस या विश्रांतीतले असतात. असा केस उपटला की त्याच्या जागी नवा दिसायला दोन-अडीच महिने, कधी चार महिने लागतात. मग पंधरा दिवसांनी जे उगवलेलं दिसतं ते काय? ते दुसरेच केस, आपापल्या वेळेला वर आलेले. दर पंधरा दिवसांनी ‘साफ’ करणं म्हणजे जो कुणी डोकं वर काढेल त्याला लगेच उपटणं. आणि जे रोमकूप वाढीच्या काळात असतात त्यांतून केस ओढताना त्याच्याभोवतीचं ओलसर आवरणही बाहेर येतं. ते केस जास्त दुखतात, आणि मुळाला जास्त इजा तिथेच होते. अशी इजा वर्षानुवर्षं झाली की काही मुळांभोवती व्रणाची ऊती तयार होते. आधी केस बारीक आणि फिकट येतो, मग येईनासा होतो. ‘दोऱ्याने केस दाट येतात’ हा समज म्हणूनच उलटा आहे. उपटलेल्या केसाच्या जागी जाड केस येत नाही, आला तर तेवढाच किंवा बारीकच येतो. १९९०च्या दशकात आणि त्यापुढच्या काही वर्षांत रेघेसारख्या बारीक भुवया काढणाऱ्या कितीतरी जणींच्या भुवया पुढे कधीच भरल्या नाहीत. त्यातल्या काहींच्या भुवया माझ्याच हातून बारीक झाल्या.

शेपूटच आधी का जातं? तिथे केस मुळातच कमी, एकमेकांपासून लांब आणि कातडीला जवळजवळ चिकटून झोपलेले. दोऱ्याचा एक सपाटा ओळीने केस घेतो. जाड मध्यभागी दोन केस जास्त गेले तर कळत नाही, शेपटात दोन गेले तर टोकच नाहीसं होतं. शिवाय जुळवाजुळव असते. उजवीकडे एक केस जादा गेला म्हणून डावीकडे एक काढला, मग डावी जरा बारीक वाटली म्हणून उजवी. दोन्ही भुवया हुबेहूब सारख्या कुणाच्याच नसतात, कारण त्यांच्याखालची हाडंही सारखी नसतात. त्या हुबेहूबपणाच्या मागे लागून शेपटं एकेक केसाने आखूड होत जातात. दर वेळी फरक इतका कमी असतो की आरशाला सांगता येत नाही. तेरा वर्षं, दर पंधरा दिवसांनी, म्हणजे तीनशेहून जास्त खेपा. तुम्हीच विचार करा.

मात्र सगळा दोष दोऱ्यावर टाकून मोकळं होऊ नका. भुवईचा बाहेरचा एक-तृतीयांश भाग विरळ होणं हे थायरॉईड कमी काम करत असल्याचं एक जुनं, ओळखीचं लक्षण आहे. बेल्जियन डॉक्टर हर्टोघे यांच्या नावाने ते ओळखलं जातं. सोबत थकवा, वजन वाढणं, कातडी कोरडी पडणं, थंडी सहन न होणं, पाळी अनियमित होणं असेल तर टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या. एका ठिकाणी गोल तुळतुळीत चट्टा पडला असेल तर चाई असू शकते. पाळी थांबल्यानंतरच्या वयात भुवया झडू लागल्या आणि सोबत कपाळावरची केसांची रेषा मागे सरकली, तर फ्रंटल फायब्रोझिंग अलोपेशिया हा आजार असू शकतो. त्याचं वर्णन १९९४ साली पहिल्यांदा झालं आणि त्यात गेलेले केस परत येत नाहीत, म्हणून उपचार लवकर लागतात. भुवई विरळ होऊन त्या भागाला बधिरपणा असेल तर कुष्ठरोगाचीही तपासणी होते आणि वेळेत औषधं घेतली तर तो पूर्ण बरा होतो. थ्रेडिंगचा हा एक तोटा क्वचितच कुणी बोलून दाखवतं : सतत कोरलेल्या भुवईत आजाराची खूण लपून जाते. पेन्सिलने ती आपण आणखी लपवतो.

काही वेळी थ्रेडिंग करूच नये, तेही सांगते. डोळे आलेले असताना, रांजणवाडी असताना, भुवईजवळ जखम, पुरळ, ओठावर किंवा चेहऱ्यावर पाणीदार फोड असताना. उन्हाने कातडी भाजली असेल तेव्हा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स तर पूर्ण बंद, औषध थांबल्यावरही सहा महिने. दोरा वॅक्ससारखा कातडीचा थर ओढून काढत नाही, पण त्या गोळ्यांवर कातडी इतकी हळवी होते की मी डॉक्टरांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय दोराही लावत नाही. मुरुमांसाठी ट्रेटिनोइन किंवा अडापॅलिनचं मलम रात्री लावत असाल तर आधी दोन-तीन दिवस आणि नंतर दोन दिवस ते भुवईच्या आसपास नको. रक्त पातळ करणारी औषधं, ताब्यात नसलेला मधुमेह, प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार चालू असतील तर हे करणाऱ्या बाईला कळलं पाहिजे. बोटॉक्स, पील किंवा मायक्रोब्लेडिंग (भुवईत बारीक रेघा कोरून रंग भरणं) केलं असेल तर ज्यांनी ते केलं त्यांना पुढच्या थ्रेडिंगची तारीख विचारा.

दोन मलमांबद्दल मुद्दाम लिहिते. दुखू नये म्हणून बधिर करणारं मलम भुवईला चोळून येणाऱ्या मुली भेटतात. लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा करतं, आणि बधिर झालेल्या डोळ्याला ती कळतही नाही. त्याऐवजी स्वच्छ रुमालात गुंडाळलेला बर्फ आधी मिनिटभर धरा. दुसरं, लाली घालवण्यासाठी घरात पडलेलं स्टेरॉईडचं मलम. एका रात्रीत लाली जाते, म्हणून दर वेळी लावायची सवय लागते. डोळ्याभोवती ते वारंवार लावलं तर कातडी पातळ होते, डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूपर्यंत गोष्ट जाऊ शकते. थ्रेडिंगनंतर कातडीला थंडावा आणि स्वच्छता एवढंच हवं असतं. ओला थंड कापूस, हवं तर सुगंध नसलेलं कोरफडीचं जेल. २४ तास मेकअप, वाफ, फेशियल, ब्लीच, स्क्रब यातलं काहीच नको, आणि हात लावून पाहणं तर नकोच.

डॉक्टरांकडे कधी धावायचं? पुटकुळी मोठी होऊन ठणकू लागली, मधासारखी पिवळी खपली धरली, लाली भुवईच्या पलीकडे पसरू लागली तर त्याच दिवशी. पापणी सुजून डोळा मिटायला लागला, ताप आला, डोळा हलवताना दुखलं, दिसायला अंधूक किंवा दुहेरी झालं तर थेट रुग्णालयात, रात्र असली तरी. भुवईजवळचा पू डोळ्याच्या खोबणीकडे सरकू शकतो, आणि म्हणूनच तिथली पुटकुळी पिळायची नसते.

मग बंद करायचं का? वॅक्समध्ये पापणीची कातडी सोलली जाण्याचा आणि भाजण्याचा धोका जास्त. प्लकर सावकाश आहे, पण एकेक केस बघून काढता येतो, आणि विरळ भुवईला तोच बरा. छोट्या ब्लेडने मुळाला धक्का लागत नाही, फक्त खुंट लवकर दिसतात. नाजूक हातातला, नव्या दोऱ्याचा, सहा आठवड्यांतून एकदा होणारा थ्रेडिंग मला आजही आवडतो, आणि माझ्या मुलीच्या भुवया मी तसाच करते. ती सोळाची होईपर्यंत केल्या नाहीत, एवढंच.

तुमच्यासाठी माझं म्हणणं असं. आज भुवयांचा जवळून, उजेडात, पेन्सिल पुसून फोटो काढा. पुटकुळ्या बसेपर्यंत दोरा नाही. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यात पिळलेला स्वच्छ कपडा पाच-दहा मिनिटं धरा, पेन्सिल नवी घ्या, ब्रश साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. आठवड्याभरात कमी नाही झाल्या तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. शेपटांना पुढचे चार महिने कुणाचाही दोरा, प्लकर, ब्लेड लावू देऊ नका. दोन भुवयांच्या मधले आणि पापणीकडे बरेच खाली उगवलेले केस तेवढे प्लकरने काढा. लांब वाढलेले केस ब्रशने वर करून कात्रीने टोकापुरते कापा. मधले तीन-चार आठवडे भुवई विस्कटलेली दिसेल, तेव्हाच बहुतेक जणी धीर सोडतात आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसतात. दर महिन्याच्या त्याच तारखेला, त्याच खिडकीपाशी फोटो काढा. चौथ्या महिन्यात बारीक, मऊ केस दिसू लागले तर ती मुळं जिवंत आहेत. त्यांना आणखी दोन महिने द्या आणि मगच, महिना-दीड महिन्यातून एकदा, नव्या दोऱ्याने, वरच्या कडेला हात न लावता शेप करून घ्या. काहीच दिसलं नाही तर ते सगळे फोटो आणि टीएसएचचा अहवाल घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मिनॉक्सिडिलसारखं केस वाढवणारं काही औषध लावायचं का, हे डोळ्याच्या इतक्या जवळ त्यांनीच ठरवायचं.